फुकटच्या चॅनलची सभासद

माझं सभासदत्व माझ्या मुलाने मला न विचारता रद्द केलं आणि जेवताना, जाता जाता, मला सांगितलं. त्याच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करायला सुरुवात झाली होती. याच्यावर अजून कुऱ्हाड पडली नव्हती, पण याने आपणहून घरखर्चाला कात्री लावायला घेतली होती. जिम गेली, सिनेमांची ॲप गेली, दर आठवड्याला दारात येऊन पडणारा भाजीचा खोका गेला. भातावर वरण वाढून घेत तो म्हणाला, "आणि आई, तुझं ते टीव्हीवालं पण कॅन्सल केलं. ते चॅनल तसंही फ्री दिसतं ना."

मी हातातला घास ताटात ठेवला. सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मग कोशिंबिरीत लक्ष घातलं. ती शहाणी आहे, मायलेकांच्या भांडणात पडत नाही.

मी विचारलं, कॅन्सल करायच्या आधी मला विचारलंस का. तो म्हणाला, त्यात विचारायचं काय? पैसे न देताही दिसतं, तर द्यायचे कशाला? आणि त्याच्या बोलण्यात उद्धटपणाही नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हा वाद मी आयुष्यात पहिल्यांदा घालत नव्हते. साताऱ्याच्या पोस्टात मी नोकरीला लागले तेव्हा आपल्याकडे रेडिओला आणि टीव्हीला लायसन लागायचं. नातीला सांगितलं तर तिला थाप वाटते. घरात रेडिओ असला की वर्षाचे वर्षाला पोस्टात यायचं, फी भरायची, लायसनच्या पुस्तकात त्याचं तिकीट चिकटवून घ्यायचं आणि त्यावर आम्ही शिक्का मारायचा. त्या खिडकीवर बसायला जुनी माणसं तयार नसत, म्हणून नव्या पोरीला बसवलं. मनीऑर्डरवाला माणूस निदान आनंदाने येतो. लायसनवाला घरूनच भांडत निघालेला असायचा.

एक गृहस्थ दरवर्षी सांगायचे, मी फक्त बातम्या ऐकतो, गाणी लागली की बंद करतो, तेव्हा माझी फी अर्धी करा. एकाने बिघडलेला रेडिओ टॉवेलात गुंडाळून आणला आणि माझ्यापुढे काउंटरवर ठेवला. म्हणाला, वाजवून दाखवा, वाजला तर भरतो. एक बाई म्हणाल्या, रेडिओ माझ्या माहेरचा, ऐकतात सासूबाई, मग भरायचं कोणी? मी शिक्के मारत होते, पण मनाने सगळ्यांच्याच बाजूची होते. हवेतून येणाऱ्या आवाजाचे पैसे घेणारं हे सरकार कोण, असं मी घरी वडिलांना तावातावाने विचारायची. पुढे ते लायसन बंद झालं, तेव्हा आम्ही खिडकीवरच्या पोरींनी भजी मागवून खाल्ली.

आणि आजही माझं मत तेच आहे. ती फी अन्यायाचीच होती. बंगल्यातल्या डॉक्टरला जेवढी, तेवढीच बाजारातल्या हमालाला. दोघांकडून पैसे घ्यायचे आणि काय लावू, काय नको, हे दोघांपैकी एकालाही विचारायचं नाही. पैसे द्या आणि गप्प ऐका. म्हणून माझा मुलगा जेव्हा म्हणतो, "आई, तू स्वतः पोस्टात लायसनला शिव्या घालायचीस ना?" तेव्हा मी त्याला सांगते, हो, घालत होते. ती सक्ती होती. ही सक्ती नाही, म्हणूनच मी भरते.

हे वारल्यानंतर मी इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला मुलाकडे आले. वरच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आहे, पण तो लावला की आधी विचारतो, कोण बघतंय? मुलाचं नाव, सुनेचं नाव, नातीचं नाव आणि शेवटी एक फुगा काढलेलं 'किड्स'. मी चुकीचं बटण दाबून काही विकत घेऊ नये म्हणून मला 'किड्स'मध्ये घातलं होतं. सदुसष्टाव्या वर्षी मी त्या फुग्यावर टिचकी मारून आत जायची आणि तो मला बोलणारे ससे दाखवायचा. बातम्या मागितल्या तर म्हणायचा, हे तुमच्यासाठी नाही.

मग बेसमेंटमधला जुना टीव्ही मी माझा केला. त्याला खिडकीच्या काचेवर चिकटवलेला एक चपटा अँटेना होता, पापडाएवढा. त्यावर एक सार्वजनिक चॅनल दिसायचं. जाहिराती नाहीत, पासवर्ड नाही, तुम्ही कोण हा प्रश्न नाही. दुपारी एक बाई गोधड्या शिवायला शिकवायची आणि त्यांना कलाकृती म्हणायची. एक माणूस गोठलेल्या तळ्याला भोक कसं पाडावं आणि त्यातून मासा कसा धरावा, यावर निवांत अर्धा तास बोलायचा. संध्याकाळी चार माणसं राजकारणावर बोलायची, आणि एकाचं बोलून होईपर्यंत उरलेले तिघे थांबायचे. मला आधी वाटलं आवाज बिघडलाय.

इंग्रजी मला येत होतं, पण ते अर्ज लिहिण्यापुरतं. कानाला ते कळायला लागलं त्या बेसमेंटमध्ये. दोन हिवाळे मी तिथे काढले. बाहेर गुडघाभर बर्फ, गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून कामावर, नात शाळेत. त्या चॅनलने मला माणसात ठेवलं. हे मी उगाच गळा काढून सांगत नाही, जसं होतं तसं सांगते.

एक दिवस ऐन गोधडीत त्यांनी कार्यक्रम थांबवला आणि पैसे मागायला लागले. एक बाई, एक बुवा, मागे फोन घेऊन बसलेली माणसं, पुढे टेबलावर कप आणि पिशव्या. सरकारकडून थोडे पैसे मिळायचे ते बंद झालेत, आता तुम्हीच बघा, असं म्हणत होते. नात म्हणाली, "आज्जी, स्किप इट." तो टीव्ही स्किप होत नाही. मी चिडून बघत बसले आणि बघता बघता मला ओळख पटली. ही तर वर्गणी! पावतीपुस्तक नव्हतं इतकंच. दार वाजवून उभी असतात तशी माणसं, द्या म्हणतात, कितीही द्या म्हणतात, नाही दिलं तरी आरतीला या म्हणतात. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग यांनी मागितलं तर काय चुकलं?

मी फोन केला. पलीकडच्या बाईने माझं नाव तीनदा विचारलं, नीट लिहून घेतलं आणि म्हणाली, वेलकम, आता तुम्ही मेंबर झालात.

मेंबर म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. मेंबर म्हणजे सभासद. मी नगर वाचनालयाची सभासद, पतसंस्थेची सभासद, सोसायटीची सभासद. सभासद म्हणजे वार्षिक सभेला जायचं, हजेरीपटावर सही करायची, चहा-फरसाण घ्यायचं आणि उभं राहून विचारायचं, की गेल्या वर्षी जिन्याला रंग दिला तो तीन महिन्यांत उडाला कसा. मी त्या बाईला विचारलं, वार्षिक सभा कधी असते? ती कोणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, संचालकांच्या मीटिंग सगळ्यांना खुल्या असतात, तारखा वेबसाइटवर असतात. मग म्हणाली, पिशवी पाठवू का भेट? मी म्हटलं नको, आमच्याकडे पिशव्यांची एक पिशवी भरलेली आहे.

पैसे मुलाच्या कार्डावरून जायचे. माझी पेन्शन तिकडे साताऱ्याला जमा होते, त्यातून तू घेत जा, असं मी त्याला सांगितलं होतं. तो हसला होता आणि त्याने कधी घेतले नव्हते.

तर त्या दिवशी जेवताना त्याचं म्हणणं असं होतं, की एवढे लोक फुकट बघतात, तू एकटीने नाही दिले तर काय चॅनल बंद पडणार आहे? आता गंमत अशी, की माझा हा मुलगा आमच्या इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार. गणपतीला हॉल भरतो, पण मंडळाची वर्गणी त्यातल्या निम्म्याच माणसांनी भरलेली असते. दरवर्षी घरी आल्यावर हा जोडे काढायच्या आधी कुरकुर करतो, की जेवून जातात आणि मेंबर होत नाहीत.

मी विचारलं, "त्या जेवून जाणाऱ्यांना तू काय म्हणतोस रे?"

सून कोशिंबिरीकडे बघून हसली.

"फुकटे म्हणतोस. मग आता आपण कोण?"

"आई, दॅट्स डिफरंट."

"काय डिफरंट आहे? तिथे मसालेभात आहे, इथे बातम्या आहेत."

तो चिडला. चिडला की त्याचा आवाज वडिलांसारखा खाली जातो. म्हणाला, "कार्ड माझं आहे, आई."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त अपमान वाटला, कारण तो खरं बोलला होता. इथे माझं काहीच माझ्या नावावर नव्हतं. गोळ्या त्याच्या इन्शुरन्सवर, फोन त्याच्या प्लॅनवर, आणि मी मोठ्या तोंडाने ज्याला माझी वर्गणी म्हणत होते ती त्याच्या कार्डावर. मी ताट उचलून घासलं आणि खाली गेले. टीव्ही लावला. तळ्याला भोक पाडणारा माणूस होता. दिसत होता, फुकटच. मला काही तो बघवला नाही.

मी त्या आठवड्यात ठरवलं, की हे पैसे मी माझेच भरणार. साड्यांना फॉल लावायला मी लहानपणी आईकडे शिकले, आणि इथे साड्या खूप, फॉल लावणारं कोणी नाही. बायका भारतातून साडी आणतात आणि तशीच नेसतात, काठ बुटात अडकतो. मी मंडळात दोघींना सांगितलं. महिनाभरात माझ्या बेसमेंटमध्ये पैठण्या आणि कांजीवरम येऊन पडायला लागल्या. हातशिलाई, बारीक टाका, वरून दिसणार नाही असा. मुलाला आवडलं नाही. म्हणाला, लोकांना वाटेल मी आईला कामाला लावलंय. मी म्हटलं, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे, साडीला झोल पडता कामा नये.

बँकेत खातं उघडायला मला सून घेऊन गेली. माझ्या नावाचं कार्ड आलं. मी फोन केला आणि पुन्हा मेंबर झाले.

वसंतात मुलाची नोकरी गेली.

तो काही दिवस वरच्या खोलीत दार लावून बसला. मंडळात कोणाला सांगायचं नाही, असं त्याने आम्हाला बजावलं. दोन-चार आठवड्यांनी दुपारी तो खाली यायला लागला. वरचा भिंतभर टीव्ही आता नुसता काळा होता, त्यावरचं सगळं त्याने स्वतःच बंद केलं होतं. तो माझ्या सोफ्याच्या टोकाला बसायचा, मी या टोकाला साडी मांडीवर घेऊन. गोधडीवाली बाई चौकोन जोडायची आणि माझा इंजिनिअर मुलगा गालावर हात ठेवून ते बघायचा. मी जीभ आवरून धरली होती. माझी जीभ आवरायला किती कष्ट पडतात ते आमच्या घरात विचारा.

मग चॅनलवर एक सूचना यायला लागली. पैसे पुरत नाहीत, म्हणून हे चॅनल अँटेनावरून बंद करून ॲपवर न्यावं, आणि ॲपमध्ये बरेचसे कार्यक्रम फक्त मेंबरांना दिसावेत, असा विचार चालू आहे. अमुक दिवशी दुपारी संचालकांची मीटिंग आहे. मी मुलाला म्हटलं, मला घेऊन चल. तो म्हणाला, तू मेंबर आहेस ना, तुला ॲपमध्ये दिसेलच. मी म्हटलं, गाडी काढ.

मी नारायणपेठ नेसले आणि अर्धा तास आधी पोचले, कारण सही करायची असते. दारात एक तरुण मुलगी होती. मी म्हटलं, मी मेंबर आहे, हजेरीपट कुठाय? ती म्हणाली, सही नको, कोणीही आत जाऊ शकतं, मेंबर असो नसो. बोलायचं असलं तर फक्त नाव सांगा. मला हे मुळीच आवडलं नाही. मी मुलाला मराठीत म्हटलं, मग सभासद असून फायदा काय? त्याला हसू आलं. किती दिवसांनी हसला होता.

आत लांब टेबलाला संचालक होते आणि समोर पंधरा-वीस खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. फरसाण नव्हतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले. कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्मा मुलाच्या खिशात राहिला होता, तेव्हा मनानेच बोलले. इंग्रजीत बोलले, त्याच चॅनलने शिकवलेल्या. मी म्हटलं, आमच्या देशात पूर्वी टीव्हीचं लायसन होतं. ज्याने भरलं नसेल त्याने बघायचं नाही. मी त्या खिडकीवर बसून पैसे घेतले आहेत, त्यामुळे कुलूप लावलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. लोक पैसे देतात आणि तुम्हाला शिव्या देतात. तुम्ही मला नुसतं, द्याल का, असं विचारलंत म्हणून मी देते. मी स्वतःसाठी देत नाही, मला तर तसंही दिसतच होतं.

आणि मग माझी जीभ सुटली.

"माझ्या घरात एक माणूस फुकट बघतो," मी म्हटलं. "त्याची सध्या नोकरी नाही. त्याचे पैसे मी भरते. तुम्ही कुलूप लावलंत तर तो बाहेर राहील, आणि मला एकटीला आत बसायचं नाही."

मी खाली बसले तेव्हा मला कळलं, मी काय बोलून गेले. त्याने जे चार भिंतींत ठेवायला सांगितलं होतं ते मी माइकवर सांगितलं. तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं, पण म्हणून काय झालं? मी मागे वळून बघितलं नाही.

आणखी काही जण बोलले. मग टेबलाच्या मधोमध बसलेल्या अध्यक्ष बाईंनी ठराव वाचला, की ॲपचा विषय तूर्त बाजूला ठेवावा आणि चॅनल अँटेनावर चालू ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा बघावं. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा, म्हणाल्या. मी हात वर केला. चाळीस वर्षांची सवय. ठराव आला की सभासद हात वर करतो.

अध्यक्ष बाई हात मोजत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. हसून, अगदी आदराने म्हणाल्या, की मत फक्त संचालकांना असतं. खोलीत दोघं-चौघं हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मुलगा माझ्या कानाशी कुजबुजला, "आई, हात खाली घे. इट डझंट काउंट."

मी अध्यक्ष बाईंना म्हटलं, "मोजू नका. पण मी मेंबर आहे."

आणि हात वरच ठेवला. ठराव पास झाला, टेबलावरच्या हातांनीच पास झाला, माझ्याशिवायही झाला असता. झाल्यावर मी हात खाली घेतला.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली. मी वाट बघत होते. आता म्हणेल, तुला कोणी सांगितलं होतं माझी नोकरी चव्हाट्यावर मांडायला. माफी मागायची मला सवय नाही, पण मी ती मनात जुळवत होते.

तो म्हणाला, "फुकट्या म्हणालीस मला. सगळ्यांसमोर."

"फुकट बघतो म्हणाले," मी म्हटलं. "फुकट्या म्हणाले नाही. त्यात फरक आहे, आज मला कळला."

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "जॉब लागला की मी परत चालू करतो. तुझं, माझ्या कार्डावर."

"तुझं कर," मी म्हटलं. "माझं चालू आहे."

त्याने माझा चष्मा खिशातून काढून माझ्या मांडीवर ठेवला. घरी पोचलो तेव्हा गोधडीवाली बाई लागायची वेळ झाली होती. तो माझ्याआधी खाली जाऊन बसला.